एका ताटातलं अर्धं

मी जळकी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला समजूतदार वगैरे समजायला नको. आणि मी जळते ती काही टीव्हीतल्या बाईवर नाही, शेजारणीच्या नव्या फ्रिजवर नाही. माझ्या धाकट्या जावेवर जळते. स्पष्टच बोलायचं तर तिच्या कमरेवर.

अकरा वर्षांपूर्वी ती लग्न होऊन आमच्या घरी, सुरतेत लिंबायतला आली, तेव्हा तिचा अख्खा ब्लाउज माझ्या एका बाहीत बसला असता. दोन लेकरं झाली तरी कंबर तशीच. माझं मात्र एकाच बाळंतपणात जे वाढलं ते वाढलंच. लग्नकार्यात बायका तिला म्हणायच्या, "अगं, दोन लेकरांची आई वाटत नाहीस!" आणि मग माझ्याकडे वळून म्हणायच्या, "मास्तरीणबाई, तुमची तब्येत काय छान आहे हो!" तब्येत छान म्हणजे काय, ते न कळण्याइतकी मी बावळट नाही. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. घरी आले की तिनं केलेला चहा पिताना मी मुद्दाम म्हणायचे, "आज साखर कमी पडली गं."

आमचं घर असं, की खाली आम्ही, वर दीर-जाऊ, पण स्वयंपाक एकच. दोघे भाऊ लूमच्या कारखान्यात. मी मराठी शाळेत शिकवते, सकाळपाळीत. जाऊ घरी बसून साड्यांचे धागे कापते. मार्केटातून गठ्ठे येतात, साडीच्या मागच्या बाजूला लोंबणाऱ्या दोऱ्या कात्रीनं साफ करायच्या. ते करता करता स्वयंपाकही तीच करते. पुरुषांचे डबे भरले, मुलं जेवली, की दुपारी दीडला आम्ही दोघी बसायचो. एका ताटात.

आमच्या खानदेशात ही रीतच आहे. जावा-जावा, सासू-सुना एकाच ताटात जेवतात. सासूबाई होत्या तोवर तिघी बसायचो, त्या गेल्यावर दोघी उरलो. परातीएवढं मोठं ताट, मध्ये भाजी, कडेला ठेचा आणि कांदा, आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, चार भाकरी. भाकरी मोडायची मी, कारण मोठी मी. ताट रिकामं झालं की मी विचारायचे, "झायं ना तुन्हं?" ती म्हणायची, "हा, झायं." घरात आम्ही अहिराणीच बोलतो. इथं सगळ्यांना समजावं म्हणून बाकीचं साध्या मराठीत लिहिते आहे. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, जावा असाव्यात तर अशा. मला ते ऐकायला फार आवडायचं. वरून प्रेमळ जाऊ आणि आतून जळफळाट, असं माझं सुखात चाललं होतं.

मागच्या वर्षी शाळेत तपासणीचं शिबिर झालं, त्यात माझी साखर काठावर निघाली. डॉक्टर म्हणाले, तीन महिने देतो. पाच-सहा किलो वजन उतरवा, नाहीतर गोळ्या सुरू करू. मला गोळ्यांची भीती नव्हती. मला आईचा पाय आठवला. तिचं साखरेनं आधी एक बोट गेलं, मग दोन, मग पाऊल. ती जखम मी स्वतः धुतली आहे. त्या रात्रीपासून मला जिने उतरताना माझीच पावलं दिसायला लागली. एवढी साधी गोष्ट होती: मला माझे पाय ठेवायचे होते.

डॉक्टरांनी आमच्या भागातल्या दवाखान्यात आहाराचं सांगणाऱ्या मॅडमकडे पाठवलं. गुजराती बाई, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. जाऊ सोबत आली होती, माझी थैली धरायला. मॅडमनी मला काट्यावर उभं केलं. अठ्ठ्याहत्तर. मग थैली धरून उभ्या असलेल्या जावेकडे बघून म्हणाल्या, "तमे पण चढो." एकेचाळीस.

मॅडमनी मला सांगितलं, "तुम्ही थोडं कमी." तिला सांगितलं, "तुम्ही भाकरीवर तूप घ्या, शेंगदाणे खा, केळं खा." एका घरातल्या, एका ताटातल्या दोघी, आणि एकीला म्हणे कमी कर, एकीला म्हणे तूप घाल! मी तिथंच ओरडले नाही, ही माझ्या नोकरीची कमाल. वर्गात चाळीस पोरं सांभाळून तोंडावर ताबा आला आहे.

दोघींनाही वही घालायला सांगितली. "कॅलरी-बिलरी काही नको," मॅडम म्हणाल्या. "काय खाल्लं, किती खाल्लं, बसताना भूक होती का, उठताना पोट कसं होतं, एवढंच लिहायचं. जास्त खाल्लं तर जास्त खाल्लं लिहा. आ परीक्षा नथी, बेन. लखो, पण डरो नहीं."

मास्तरणीला म्हणतात, ही परीक्षा नाही! मी कोरी करकरीत वही घेतली, समास आखला, रकाने पाडले, वेळ, पदार्थ, प्रमाण, शेरा. शेरा लाल पेनानं. फोनमध्ये एक ॲपही घेतलं, मॅडमना न सांगता. त्या ॲपला कळण्याची भाकरी माहीतच नाही. शेवभाजी लिहिली तर ते फरसाण दाखवायचं. भरीत लिहिलं तर तेल किती चमचे, असं विचारायचं. वांगं चुलीवर भाजणारी बाई तेल चमच्यानं मोजते का? तरी मी मोजायला लागले. जाऊ कढईत तेल ओतायला लागली की मी मागे उभी. "किती झालं? थांब, थांब." ती बिचारी हात आखडता घ्यायची आणि भाजी कढईला लागायची.

जावेनं मोठ्या मुलाची अर्धी वापरलेली वही घेतली. मागे पाढे, पुढे तिचं जेवण.

दुपारचं जेवण कसं लिहायचं, हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. ताट एक. मग कुणी किती खाल्लं? मी म्हटलं, सोपं आहे, चार भाकरी म्हणजे तुझ्या दोन, माझ्या दोन. भाजी अर्धी अर्धी. ती म्हणाली, "बरं ताई." आठ दिवस दोघींच्या वहीत दुपारचं जेवण तंतोतंत तेच. भाकरी दोन, भाजी अर्धी वाटी. गणिताची बाई असल्यामुळे मला तर तो हिशेब फारच स्वच्छ वाटला.

आठवड्यानं परत गेलो तेव्हा मॅडमनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. माझी वही बघून म्हणाल्या, "अक्षर सरस छे." आणि तिची वही हातात घेऊन मला वाचून दाखवली! तिनं लिहिलं होतं, "केळं खाल्लं. गोड होतं." "सकाळी भूक नव्हती, चहाच घेतला." "घरी पापड तळले, दोन खाल्ले, मजा आली." मॅडम म्हणाल्या, "बघा, असं लिहायचं. हिला जेवणाची भीती नाही." माझ्या पोटात काय दुखलं म्हणून सांगू! मी लाल पेनानं 'अति तेल, टाळणे' लिहीत बसले आणि शाबासकी मिळाली मजा आली वालीला. सातवी शिकलेल्या बाईची वही मला आदर्श म्हणून दाखवतात!

मग मॅडमनी दोघींच्या दुपारवर बोट ठेवलं. "इथं दोघींचं सारखं कसं?" मी ताटाचं सांगितलं. त्यांनी दोन्ही वह्या मिटल्या. मग म्हणाल्या, "पंधरा दिवस वेगळी ताटं घ्या."

लोकांना हे साधं वाटेल. आमच्याकडे जावांनी वेगळं ताट घेतलं म्हणजे घर फुटलं, असं समजतात. पहिल्या दिवशी माझे यजमान डबा घ्यायला आले, दोन ताटं बघितली आणि दारातच थांबले. "काय झालं? भांडलात का?" मी म्हटलं, "डॉक्टरनं सांगितलंय." तरी ते जाताना दोनदा वळून बघत गेले. समोरची शेजारीण तर भाजी निवडायच्या निमित्तानं येऊन बसली आणि मला हळूच म्हणाली, "मला वाटलंच होतं, तुम्ही किती दिवस सहन करणार." मी तिला तिथून हाकललं. म्हणजे, आधी ती आणखी काय म्हणते ते ऐकून घेतलं, मग हाकललं.

त्या दिवशी जावेनं दोन्ही ताटांत दोन-दोन भाकरी वाढल्या. मी जेवायला लागले. माझी दुसरी भाकरी संपली तेव्हा तिची पहिली चालू होती. मी पाच भावंडांत वाढले, भराभर खाण्याची सवय, त्यात शाळेतून उपाशी आलेली. मी बोलत होते काहीतरी, आणि माझा हात सरळ तिच्या ताटात गेला. भाकरीचा तुकडा मोडून मी तोंडातसुद्धा घातला. मीच खजील होऊन हसले. "सवय गं!" तीही हसली.

मग ती सावकाश जेवली. दोन्ही भाकरी संपवल्या. उठली, टोपल्यातून आणखी अर्धी घेतली, तूप लावलं आणि तीही संपवली.

अडीच भाकरी! मी बघतच राहिले. अडीच भाकरी खाऊन ही एकेचाळीस किलो! आणि मी दोनांवर अठ्ठ्याहत्तर! देवानं हिला काय वेगळ्या मातीची केली आहे का? मला इतकं वाईट वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मी ठेच्याचं नाव पुढे केलं.

त्या दिवसापासून मी एक वेडेपणा सुरू केला. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर मी तिचं जेवण लिहायला लागले. सोमवार, अडीच. मंगळवार, अडीच, वर केळं. बुधवार, तीन. माझ्या जेवणाचे रकाने ओस पडले आणि तिचं पान भरत गेलं. आणि चिडून मी माझी एक भाकरी कमी केली. मग अर्धी. ती खाते ना, खाऊ दे, मी दाखवते! तेवढ्यात कोजागिरीनंतरचा चंदी पडवा आला. सुरतेत त्या दिवशी घारी, म्हणजे तुपात घोळलेली माव्याची मिठाई, खाल्ली नाही असा माणूस सापडायचा नाही. शाळेत स्टाफरूममध्ये डबा उघडला, तुपाचा वास सुटला, आणि मी चक्क उठून वर्गात जाऊन बसले. घारीला घाबरून! एक तुकडा खाल्ला की आईचा पाय डोळ्यांसमोर. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला फळ्यावर लिहिता लिहिता मला अंधारी आली. मुलांनी खुर्चीवर बसवलं. एका मुलीनं तिच्या डब्यातला थेपला पुढे केला, तर मी आधी मनात विचार केला, हा लिहायचा कसा.

मॅडमकडे गेलो तेव्हा मी घाईघाईत वही दिली आणि ती नेमकी शेवटच्या पानावर उघडली. मॅडमनी वाचलं. सोमवार अडीच, मंगळवार अडीच. "हे तुमचं?" मला खोटं बोलता आलं असतं. पण जाऊ शेजारीच बसली होती, आणि तिनं ते पान बघितलं होतं. मी म्हटलं, "हिचं."

"तुम्ही हिचं का लिहिलं?"

"ही इतकं खाते आणि हिला काही होत नाही, म्हणून," मी म्हणाले. अगदी वर्गात भांडणाऱ्या पोरांच्या आवाजात.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि विचारलं, "एका ताटात जेवत होता तेव्हा आधी कोणाचं संपायचं?"

मी म्हटलं, "ताट एकच हो. दोघींचं बरोबरच संपणार."

एवढं बोलले आणि मलाच ते ऐकू आलं. चौथीला अपूर्णांक मीच शिकवते. चार भाकरी. सावकाश जेवणारी एक, भराभर जेवणारी एक, आणि भाकरी मोडणारा हात भराभर जेवणारीचा. भूक असेल तेवढं खाऊ दिलं तर जी अडीच खाते, तिला त्या ताटात किती मिळत असेल? एक. फार तर सव्वा. इतकी वर्षं मी तीन खात होते आणि वहीत दोन लिहिल्या. आणि ज्या कमरेवर मी जळत होते, ती देवानं दिलेली नव्हती. ती तशी मी ठेवली होती.

जाऊ खाली मान घालून पदराचा धागा ओढत बसली होती.

लाज वाटली का? वाटली. पण खरं सांगायचं तर आधी राग आला, आणि तोही तिचाच. तोंड शिवलं होतं का हिचं? एक भाकरी जास्त थापायला काय झालं होतं? टोपलं हिच्याच हाताशी, पीठ हिच्याच हाताखाली! रिक्षात मी रागानं बाहेर बघत बसले. तिची बाजू घ्यायला मला पुढचे कितीतरी दिवस लागले. नव्या सुनेनं ताटावरून मोठ्या जावेआधी उठायचं नाही, आणि तिचं संपल्यावर आपल्यासाठी आणखी मागायचं नाही, हे तिला कुणी शिकवलं होतं? सासूबाईंनी. आणि त्यांच्यामागून मी.

त्या दिवशी मी ॲपचंही कबूल केलं होतं. मॅडमनी मला एवढंच सांगितलं, ॲप काढून टाका, लाल पेन बाजूला ठेवा, भूक लागली की खा आणि अर्ध्यावर एकदा थांबून बघा. मी तसं केलं. दुसऱ्या भाकरीआधी पाणी प्यायचे आणि ताटाकडे नाही, पोटाकडे लक्ष द्यायचे. कधी दीड पुरायची, कधी दोन लागायच्या. लागल्या की दोन लिहायच्या, शेरा नाही. पोंकाचे, म्हणजे हुरड्याचे, दिवस आले तेव्हा शेव टाकून वाटीभर पोंक खाल्ला आणि वहीत लिहिलं, "पोंक, छान होता." जिना उतरताना पाय दिसायचे, पण आता फक्त पायच दिसायचे.

जावेला मात्र मी काही विचारलं नाही. दोन महिने मूग गिळून बसले. तिचे गाल भरले. हातातल्या बांगड्या खडखडायच्या त्या थांबल्या. एका साखरपुड्यात हिरवी साडी नेसली तर काय दिसत होती! बायका म्हणाल्या, "अगं, अंग धरलंस, किती छान दिसतेस!" आणि माझ्या पोटात परत तीच कळ. म्हणजे बारीक होती तेव्हाही जळायचं आणि भरली तरी जळायचं! काय म्हणावं या स्वभावाला?

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. साखर उतरली होती, गोळी नको म्हणाले. माझं वजन साडेपाच किलो कमी, तिचं चार किलो जास्त. माझा जीव भांड्यात पडला. दवाखान्याच्या बाहेर ओट्यावर आम्ही रिक्षाची वाट बघत बसलो. पाय लांब करून मी बसले होते, आणि मनात होतं की आता विचारायचं, नाहीतर कधीच नाही.

"तू बोलली का नाहीस गं?" मी म्हटलं. "एवढी वर्षं?"

काय विचारते आहे, हे तिला लगेच कळलं. "काय बोलायचं, ताई? एका ताटात बसून माझं झालं नाही म्हणायची लाज वाटायची. मग सवय झाली."

"आणि पोट?"

"पोटालाही होते सवय." मग ती थोडं हसली. "धाकट्याच्या वेळी फजिती झाली होती एकदा. रक्त फारच कमी निघालं. डॉक्टरीण इतकी खेकसली! ह्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि मला म्हणते, खरं सांग, सासरी खायला घालत नाहीत ना तुला?"

मी लांब केलेले पाय जवळ घेतले. "मग? तू काय सांगितलंस?"

"मला तर रागच आला तिचा," ती म्हणाली. "मी म्हटलं, असं कसं बोलता तुम्ही? माझी मोठी जाऊ मला रोज स्वतःच्या ताटात घेऊन जेवते."

टोमणा असता तर मी भांडले असते. तो टोमणा नव्हता.